विहिरीला पाणी किती, आणि कसे?

विहिरीच्या कर्जाचा अर्ज ज्याने एकदा तरी भरला आहे, त्याला ठाऊक असेल की त्यात पाण्याची चौकशी मोठ्या बारकाईने होते. सातबारा, आठ-अ, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला, शेजारच्या विहिरीचे अंतर, किती एकर भिजेल, हप्ता कसा फिटेल. बँकेच्या नोकरीत असे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून गेले. पाणी किती, हे सगळ्यांत विचारलेले असे. पाणी कसे, हा रकाना एकातही नव्हता. बँकेचे एक वेळ समजू शकते. तिला पिकाशी मतलब. पण आमच्या वाशीम जिल्ह्यात शेतातली विहीर नुसती पिकाची कधीच नसते. सोयाबीन सोंगायला आलेल्या बायांच्या कळश्या तिथेच भरतात, शेतात राहणाऱ्या सालदाराचे लेकरू तेच पाणी पिते, आणि गावचा नळ रुसला की मोटारसायकलला कॅन बांधून मालकाच्या घरीही तेच जाते.

'पाणी तं नारयावानी गोड हाये, साहेब,' असे शेतकरी अभिमानाने सांगतो, आणि ते खोटे नसते. उत्तरेकडच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जीभ निदान सावध तरी करते. नायट्रेटला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. शेतात टाकलेला युरिया, काठाजवळचा उकिरडा, गोठ्याचे पाणी, शौचालयाचा खड्डा यांतून ते पावसाबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मानकाने घातलेली मर्यादा. ती ओलांडली की पहिला धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. हा दोष शेतावरच्या विहिरींपर्यंत नेऊन भिडवला तो अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. हंटर कॉम्ली यांनी, १९४५ मध्ये. अशा वेळी आई काय करते? पाणी उकळते. त्याने जंतू मरतात, पण पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच उरते, म्हणजे अधिक दाट होते. तुरटीचाही इथे उपयोग नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक नमुने या मर्यादेपलीकडे निघाले. देशातल्या सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ आहेत. तिन्ही आमचे सख्खे शेजारी. यादीत वाशीम नाही म्हणून निर्धास्त झालेली माणसे मला भेटतात. नायट्रेट जिल्ह्याची हद्द विचारून थांबत असेल, तर त्यांचे खरे!

सार्वजनिक विहिरीची विचारपूस कुणीतरी करते. ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. २०१९ च्या जलजीवन मिशनने गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची सोय केली. मातीला २०१५ पासून आरोग्यपत्रिका आहे, म्हशीच्या कानात बिल्ला आहे. खासगी विहीर मात्र मालकाच्या भरवशावर, आणि मालक जिभेच्या. माझे म्हणणे असे की, विहिरीच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता पाणी तपासल्याशिवाय निघू नये. आणखी एक कागद? कागदांनी शेतकरी किती पिचतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. म्हणूनच नमुना नेण्याचे काम योजना राबवणाऱ्याने करावे, शेतकऱ्याने फक्त अहवाल घ्यावा.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. सरकारी प्रयोगशाळेत थोडे शुल्क भरून कुणालाही पाणी तपासून घेता येते. पंप थोडा वेळ चालू द्यावा, स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती विसळू नये, भरल्यावर थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर. नायट्रेट जास्त निघाले तर बाळाचे पाणी तेवढे दुसरीकडून आणावे आणि उकिरडा हलवावा. आणि हो, कॅनवर गट नंबर लिहावा. ज्या घरी दोन विहिरी आहेत, तिथे कुठला अहवाल कुठल्या विहिरीचा, हे चार दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.