तिला कुणी विचारलं?



माझी लेक कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. चार मुलगे आणि ही एकटी मुलगी. गेल्या महिन्यात मुलांनी संमेलनासाठी एक जुनं अमेरिकन गाणं निवडलं. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, चाल झकास आहे गं. पण वाजवताना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. नाही म्हटलं तर म्हणतील, मुलींना विनोद कळत नाही. काय करू?"

गाणं होतं वॉरंट या बँडचं 'चेरी पाय'. १९९१ नंतर केबलवरून एमटीव्ही घरात आला, तेव्हा असे बँड मी पाहिले होते. त्या वेळी आम्ही "पाश्चात्त्य घाण" म्हणून टीव्ही बंद करायचो आणि आपलं काम झालं असं समजायचो. लेकीला हे उत्तर देता येईना. म्हणून मी त्या अल्बमची गोष्ट मुळातून पाहिली.

ग्लॅम मेटल हे १९८०च्या दशकातलं संगीत. त्याचं माहेरघर लॉस एंजेलिसचा सनसेट स्ट्रिप हा रस्ता. या बँडमधले पुरुष लांब केस फुलवून, काजळ-लिपस्टिक लावून, घट्ट चमकदार कपडे घालून रंगमंचावर येत. बायकांचा सगळा साजशृंगार त्यांनी उचलला. गाण्यातली बाई मात्र बहुतेक वेळा भोगवस्तूच राहिली. बायकांना वाजवता येत नव्हतं असंही नाही. व्हिक्सन हा चौघीजणींचा बँड याच काळात गाजत होता.

वॉरंटचा पहिला अल्बम १९८९चा. त्यातलं 'हेवन' हे गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्या अल्बमचं नाव 'अंकल टॉम्स केबिन' ठेवायचं ठरलं होतं. त्या नावाचं गाणं पोलिसांनीच केलेल्या गुन्ह्याच्या साक्षीदाराचं आहे. गायक आणि गीतकार जानी लेनला असं काही लिहिता येत होतं, हे लक्षात घ्या. अल्बम तयार झाला आणि कोलंबिया कंपनीचे प्रमुख डॉन आयनर यांनी आणखी एक गाणं मागितलं. चटकन ओठांवर बसेल आणि दणकून खपेल असं. लेनने ते पंधराएक मिनिटांत पिझ्झाच्या खोक्यावर लिहिलं, असं सांगतात. त्या गाण्यावरून अल्बमचं नाव बदललं. मुखपृष्ठावर एक वेट्रेस आली आणि तिच्या हातून निसटलेला पायचा तुकडा नेमका तिच्या मांड्यांपुढे टिपला गेला.

पाय म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. तिकडच्या बोलीत 'चेरी' म्हणजे कौमार्य. थोडक्यात, मुलगी ही खायची वस्तू. आपल्याकडे नाक्यावर 'माल' म्हणतात, त्याचीच ही गोड आवृत्ती! व्हिडिओत बॉबी ब्राऊन ही तरुण मॉडेल आहे आणि बँडचे लोक तिच्यावर बंबाच्या नळीने पाणी मारतात. कॅनडाच्या मचम्युझिक वाहिनीने हा व्हिडिओ स्त्रियांचा अपमान करणारा म्हणून दाखवायला नकार दिला. तरी सप्टेंबर १९९० मध्ये आलेला हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढला. एकट्या अमेरिकेत त्याच्या वीस लाख प्रतींची नोंद झाली.

आता या अल्बमचा शेवट पाहा. शेवटचा तुकडा म्हणजे बँडने एकामागून एक घातलेल्या शिव्या. त्याला नाव दिलंय टिपर गोर यांचं. या बाई सिनेटर अल गोर यांच्या तेव्हाच्या पत्नी. अकरा वर्षांच्या लेकीसाठी आणलेल्या प्रिन्सच्या अल्बममधलं एक गाणं ऐकून त्या हादरल्या. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या इतर वजनदार कुटुंबांतल्या स्त्रियांबरोबर त्यांनी संघटना काढली. सिनेटसमोर सुनावणी झाली आणि अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याचे शिक्के आले.

आईचं काळीज मला समजतं. पण त्यांनी काढलेल्या पंधरा आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीकडे पाहा. त्यातली पाच गाणी बायकांनी गायलेली आहेत. मॅडोना, सिंडी लॉपर, शीना ईस्टन यांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या इच्छेबद्दल गायलं, म्हणून त्या हिंसक गाण्यांच्या पंगतीत बसल्या. स्त्रीची इच्छा आणि स्त्रीवरची हिंसा, दोन्ही सारखंच घाण! आपल्याकडे १९८६ मध्ये स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्ध कायदा आला, तेव्हाही 'अशोभनीय' कुणी ठरवायचं हा प्रश्न होताच. उघडं अंग हा आपला आक्षेप नाही. माणसाची वस्तू केली जाते, हा आहे.

एकीकडे शिक्का मारणाऱ्या, दुसरीकडे शिव्या घालून स्वातंत्र्याची बढाई मारणारे. त्या दोघांच्या भांडणात जिच्यावर पाणी मारलं तिला कुणी काही विचारलं नाही. आणि ज्याला ते स्वातंत्र्य म्हणत होते, ती तर वरून आलेली मागणी होती.

पुढे काय झालं? बॉबी ब्राऊन आणि लेन यांचं १९९१ मध्ये लग्न झालं आणि लवकरच मोडलं. २०१३ मध्ये तिने स्वतःच्या नावावर पुस्तक लिहून आपली कहाणी सांगितली, व्यसनासकट. लेनला आयुष्यभर 'चेरी पायवाला' म्हणूनच ओळखलं गेलं. ते गाणं लिहिल्याचा पश्चात्ताप त्याने मुलाखतीत उघड बोलून दाखवला. २०११ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो दारूच्या आहारी जाऊन गेला. मला त्याची कीव येते, पण म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. पुरुषप्रधान बाजार पुरुषालाही सोडत नाही, एवढंच यातून दिसतं. फरक इतकाच, की त्याच्या हातात निदान माईक होता.

लेकीला मी म्हटलं, "वाजवायचं की नाही ते तू ठरव. मी बंदी घालणार नाही. पण मनातली शंका गिळू नकोस. गाणं कुणी मागितलं, का मागितलं, हे त्या मुलांना सांग. आणि विनोद कळत नाही म्हणाले, तर म्हण, कळला, म्हणूनच हसले नाही."

तिने सांगितलं. दोघं हसले, एक गप्प बसला. चौथ्याने विचारलं, "मग कोणतं घ्यायचं?" तिने त्याच अल्बममधलं 'अंकल टॉम्स केबिन' सुचवलं. अजून वाद चालू आहे. चालू दे. टीव्ही बंद करून आम्ही हा वाद कधी केलाच नव्हता.

तुमच्या घरात, तुमच्या मुलामुलींशी अशी बोलणी होतात का? जरूर लिहून कळवा.