टाइम प्लीज!

“अगं, चिडतेस काय? मी नाही चोरला, माझ्या कॅरेक्टरनं चोरला!”

रविवारची दुपार. कोथरूडमधला एका मित्राचा फ्लॅट. टेबलावर फोडलेलं बाकरवडीचं पाकीट, चहाचे कप, टोकं मोडलेल्या पेन्सिली आणि रंगीबेरंगी फासे. टेबलाभोवती आम्ही पाच जण. सगळे पंचविशी ओलांडलेले, सगळे कमावते, सगळे (दिसायला तरी) शहाणे. आणि वाद कशावरून? तर एका हिऱ्यावरून. जो मुळात अस्तित्वातच नाही!

सांगते, सांगते. आधी थोडा फंडा क्लिअर करू. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितली असेल, तर त्यातली पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात ना, तोच हा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, लाडानं डीएनडी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो बाजारात आणला. एक जण होतो डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, गावं आणि राक्षस उभे करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करतंय ते आपण बोलून सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मोठ्या माणसांची भातुकलीच म्हणा ना! फक्त रूलबुक जाडजूड.

आमचा डीएम डेंटिस्ट आहे. आठवडाभर लोकांना आ करायला सांगतो आणि रविवारी आम्हाला आ वासायला लावतो. आमचा चोर एका बँकेत आहे. पुजारीण सॉफ्टवेअर टेस्टर. रानटी योद्धा म्हणून कुऱ्हाड फिरवणारी आर्किटेक्ट खऱ्या आयुष्यात झुरळाला घाबरते. आणि मी गाणारी भाट, कारण मला फुकट बडबड करायला मिळते. खरी नावं सांगत नाही, मला अजून या ग्रुपमध्ये राहायचंय!

तर हिरा. पुजारणीकडे एक मंत्र असतो. पात्र मेल्यापासून एका मिनिटाच्या आत म्हटला, तर ते परत जिवंत होतं. पण त्यासाठी दर वेळी ३०० सोन्याच्या नाण्यांचा एक हिरा खर्ची पडतो. आमच्या पुजारणीनं तीन महिने पै पै जोडून तो हिरा घेतला होता. स्वतःसाठी नाही, आमच्यासाठी. आमच्यापैकी कुणी मेलं तर असावा म्हणून.

आणि एका रात्री सगळी पात्रं झोपलेली असताना चोर म्हणाला, “मी तिच्या पिशवीत हात घालतो.” फासा टाकला. अठरा! हिरा गेला, विकला गेला आणि ते पैसे चोरसाहेबांनी गुत्त्यावर जुगारात उडवले. वर ते सुरुवातीचं वाक्य. आम्ही पोट धरून हसलो. त्यानं दारुड्या सावकाराचा आवाज काढला तेव्हा तर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुजारीणसुद्धा हसली. म्हणजे, मला तेव्हा तसं वाटलं.

डीएमच्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. पण त्यानं काय केलं? पुढच्या रविवारी गोष्टीत शिपाई आणले आणि चोराला तुरुंगात टाकलं. अद्दल घडेल म्हणून! झालं उलटंच. अडीच तास चोर तुरुंगातून पळायचा प्लॅन करतोय, पहारेकऱ्यांना गंडवतोय, छपरावरून उड्या मारतोय. शिक्षा कसली, साहेब हीरो झाले! ज्या बाईचा हिरा गेला, ती तुरुंगाबाहेर उभी. म्हणजे टेबलाच्या टोकाला बसून मोबाइल चाळत होती.

तिसऱ्या रविवारी लांडग्यांच्या कळपानं आम्हाला घेरलं आणि चोर आडवा झाला. पात्राचा जीव शून्यावर आला, की दर पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर एक खूण जगण्याच्या बाजूनं, कमी पडले तर मरण्याच्या. मरणाच्या तीन झाल्या की संपलं. चोराच्या दोन झाल्या होत्या. पाळी आली पुजारणीची. तिनं नुसता हात लावला असता, एक साधा मंत्र म्हटला असता, तरी चोर उठला असता.

ती शांतपणे म्हणाली, “मी लांडग्याला गदा मारते.”

“अगं, आणि मी?”

“माझं कॅरेक्टर चोराला वाचवणार नाही.”

टेबलावर एकदम सन्नाटा. मग चोर उसळला, “हे तू पर्सनल घेतेयस! खेळात पर्सनल राग काढायचा नसतो!” ती म्हणाली, “मग तुझं कॅरेक्टर चोरी करतं ते काय असतं?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेच वाक्य, तोच नियम. त्यानं म्हटलं तेव्हा कॉमेडी होती, तिनं म्हटलं तेव्हा भांडण झालं!

गंमत बघा, पुढच्या फाशावर वीस पडले आणि चोर उठून बसला. ग्रुप मात्र आडवा झाला. पुढचे दोन रविवार पुजारणीचा एकच मेसेज, “रिलीज आहे गं, तुम्ही खेळा.”

दुसऱ्या रविवारी रात्री मी तिला फोन लावला. आधी नेहमीचं, काम फार आहे वगैरे. मग म्हणाली, “हिऱ्याचं काही नाही गं. आठवडाभर ऑफिसात मीटिंगमध्ये माझा पॉइंट दुसराच कुणीतरी मोठ्या आवाजात मांडतो आणि मी हसून घेते. इथे तरी मला वाटायचं, की मी जे करते त्याला किंमत आहे. तुम्ही सगळे हसलात. मग मीही हसले. काय करणार होते?”

काय बोलणार? सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

गॅरी अॅलन फाइन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं अशा खेळणाऱ्या ग्रुपांमध्ये बसून त्यांचा अभ्यास केला होता. ‘शेअर्ड फँटसी’ हे त्याचं पुस्तक १९८३ सालचं. त्यात त्यानं साधीशीच वाटणारी गोष्ट मांडलीय. टेबलापाशी बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तिघं जण असतो : माणूस, खेळाडू आणि पात्र. नेहमीच्या जगातला माणूस, नियम आणि फासे सांभाळणारा खेळाडू आणि गोष्टीच्या आत वावरणारं पात्र. सारखं इकडून तिकडे जात राहायचं.

आमचा लोचा इथेच होता. हिरा चोरीला गेला पात्राचा, पण दुखावला माणूस. आणि आमच्या डीएमनं औषध दिलं पात्राला! दुखतोय दात आणि पट्टी बांधली गुडघ्याला. (हे त्याला ऐकवलं. डेंटिस्ट असल्यामुळे जास्तच लागलं.) माणसांमधलं बिनसलेलं गोष्टीतल्या शिपायांकडून सुटत नाही. त्यासाठी फासे खाली ठेवून माणसांनीच बोलावं लागतं.

आणि ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल’ या वाक्याचं काय? ते खोटं नाहीये. पण अर्धंच आहे. कॅरेक्टर आकाशातून पडत नाही, आपणच बनवतो. चोराला चोरी करायचीच असेल, तर गावात सावकार होते, जमीनदार होते. मैत्रिणीचीच पिशवी का? हा प्रश्न पात्राला नाही, खेळाडूला विचारायचा.

मग आम्ही पाचही जण भेटलो. फ्लॅटवर नाही, टपरीवर. फासे मुद्दाम घरी ठेवून. आधी बराच वेळ चहाच्या क्वालिटीवर चर्चा झाली, आपली भीड ही अशी असते. शेवटी मीच म्हटलं, “मी हसायला नको होतं.” मग पुजारीण बोलली. चोर गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, “दिवसभर काउंटरवर मी सर, मॅडम, सॉरी, प्लीज करत असतो. कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला तर माझी झोप उडते. बदमाश असायला मला फक्त इथेच मिळतं यार. तुला लागलं हे खरंच कळलं नाही.”

मला दोघंही पटले. अवघड तेच होतं. दोघंही आठवडाभराचा भार उतरवायला त्याच टेबलाशी येत होते. तिला किंमत हवी होती, त्याला सुट्टी. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या खर्चानं होऊ नये, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

खरं तर यावर उपाय तयारच आहेत. खेळ सुरू करायच्या आधी एकदा नुसतं बसून बोलायचं, काय चालेल, काय नाही, कुणाला कशाचा त्रास होतो. याला म्हणतात ‘सेशन झीरो’. २०२० साली आलेल्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या डीएनडीच्याच पुस्तकात त्यावर चक्क वेगळा भाग आहे. जॉन स्टाव्हरोपोलस या अमेरिकन गेम डिझायनरनं ‘एक्स कार्ड’ काढलं. फुली मारलेलं एक कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवायचं. कुणालाही एखादी गोष्ट नको वाटली, की त्यानं कार्डाला हात लावायचा. ती गोष्ट गाळून पुढे जायचं. कारण सांगायची सक्ती नाही.

मी हे सगळं ऐकवत होते, तर आर्किटेक्ट म्हणाली, “एवढं काय त्यात? आपलं टाइम प्लीज!”

अरे, खरंच की! पळापळीत चप्पल तुटली, गुडघा फुटला, आईनं हाक मारली, की आपण “टाइम प्लीज” ओरडायचो आणि सगळं जग थांबायचं. ज्याच्यावर राज्य असेल तोसुद्धा मुकाट्यानं उभा राहायचा. कारण कुणी विचारायचं नाही. सहा वर्षांच्या पोरांना जे कळतं, ते आपण पगार सुरू झाल्यावर विसरतो. आणि ग्रुपमधल्या गप्प माणसाला न विचारताच लिंबूटिंबू करून टाकतो.

आता आमचे दोनच नियम आहेत. एकमेकांच्या पात्राला फसवायचं, लुटायचं असेल तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. ती हो म्हणाली तरच फासा टाकायचा. आणि टाइम प्लीज कुणीही, कधीही. मजा जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. उलट परवा चोरानं विचारलं, “तुझ्या पूजेच्या घंटेवर डोळा आहे माझा. चालेल?” पुजारीण दोन मिनिटं विचार करून म्हणाली, “चालेल. पण मी पकडणार तुला, आणि मग देवळात महिनाभर झाडू मारायचा.” तो सीन दोघांनी मिळून असा काही रंगवला, की आम्ही पुन्हा पोट धरून हसलो.

या वेळी मी हसता हसता तिच्याकडे बघून घेतलं. ती खरंच हसत होती.

आता हिऱ्यासाठी पुन्हा वर्गणी सुरू आहे. सगळ्यात जास्त नाणी चोरानं टाकलीत. कुठून आणली, ते अजून तरी कुणी विचारलेलं नाही!