निवडा... निवडा... परत निवडा!

जिल्हा निवडा: जालना. तालुका निवडा: घनसावंगी. गाव निवडा: तीर्थपुरी. मग गट नंबर, क्षेत्र, कापूस की मोसंबी, बँकेचा आयएफएससी कोड... आणि तेवढ्यात नेट अडकते, सेंटरवाला पान रिफ्रेश करतो, की झालं! वर परत "जिल्हा निवडा". मागे रांगेत दहा माणसं, त्यातल्या अर्ध्यांची आजची मजुरी बुडालेली.

ह्याला सगळे "नेटचा प्रॉब्लेम" म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. तीर्थपुरीत नेट जाणार, लाईटही जाणार. हे ज्याला ठाऊक नाही त्याने आमच्यासाठी फॉर्म बनवू नये.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. ब्राउझरकडे स्वतःची एक वही असते, लोकल स्टोरेज नावाची. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि फायरफॉक्स ३.५ मध्ये ती २००९ सालीच आली. एका साईटला साधारण ५ एमबी जागा मिळते, फॉर्मला त्यातले दोन-चार केबी पुरतात. रकाना बदलला की वहीत लिहायचे, पान उघडले की वाचून परत भरायचे. बस्स! थोडी कसरत गावांच्या यादीची. ती तालुका निवडल्यावर सर्व्हरवरून येते, म्हणून ती येईपर्यंत थांबून मगच "तीर्थपुरी" लावावे लागते. फोटो मात्र पुन्हा निवडावा लागतो. साईटने आपणहून फाईल उचलू नये हा ब्राउझरचा नियमच आहे, आणि तो योग्य आहे.

आता "सुरक्षितता!" म्हणून कोणीतरी ओरडेल. सेंटरचा कॉम्प्युटर सगळ्यांचा, एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. ह्यासाठीच सेशन स्टोरेज नावाची दुसरी वही आहे. ती त्या टॅबपुरती. रिफ्रेश केले तरी टिकते, टॅब बंद केला की जाते. (लाईट जाऊन मशीनच बंद पडली तर हिची खात्री नाही, हे मान्य.) आधार आणि खाते नंबर कुठल्याच वहीत लिहू नयेत, कारण पानावरची कुठलीही स्क्रिप्ट त्या वाचू शकते. घरच्या मोबाईलसाठी "हा मोबाईल माझा आहे" अशी एक टिक ठेवा, तिथे लोकल स्टोरेज वापरा. अर्ज गेला की सगळे पुसा. एवढे करायचे नसते, म्हणून सुरक्षिततेची ढाल पुढे करायची!

गंमत बघा, एखाद्या दुकानाच्या साईटवर सहज बघितलेली चप्पल महिनाभर आपला पाठलाग करते. गट नंबर मात्र एक मिनिटही लक्षात राहत नाही. विकायचे असले की सगळे जमते.

असो. फॉर्मवाल्यांनो, पुढचा फॉर्म जाहीर करण्याआधी तो अर्धा भरा आणि एफ ५ दाबा. तीर्थपुरी जागेवर दिसली, तर हा लेख मी काढून टाकतो.