सोनेरी डबा आणि ओले हात

गेल्या महिन्यात आमच्या विठ्ठलवाडीतल्या एका हॉलमध्ये चुलतभावाचा साखरपुडा झाला. जेवण झक्कास होतं. मठ्ठा मी तीनदा मागून घेतला. भांडण सुरू झालं ते जेवणानंतर, बेसिनपाशी. म्हणजे झालं नाही, व्हायला हवं होतं. ते आज इथे करते आहे.

हात धुतले आणि वर बघते तर भिंतीवर चक्क सोनेरी देव्हारा! वर कमान, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, मधोमध उमललेलं कमळ. मोठ्या काकूने नमस्कारच करायचा बाकी ठेवला होता. मग कळलं, की हा हात पुसायच्या टिश्यूंचा डबा. कमळाच्या खाली एक फट आणि फटीतून डोकावणारं कागदाचं टोक. मी ओढलं. हातात चिमूटभर तुकडा आला. पुन्हा ओढलं, पुन्हा तुकडा. तिसऱ्यांदा जरा जोर लावला, तर अख्खा गठ्ठा ओल्या फरशीवर. काकूने शांतपणे पैठणीच्या पदराला हात पुसले.

तेवढ्यात हॉलचा मॅनेजर आला आणि तिथे सफाईला असलेल्या बाईंवर खेकसला, "एक डबा नीट भरता येत नाही? किती कागद वाया घालवता?" बाईंनी उत्तर दिलं नाही. वाकून ओला गठ्ठा गोळा केला. कागद मी पाडला होता आणि मीही काही बोलले नाही. पाहुण्यांची गर्दी होती, भाऊ फोटोला बोलवत होता... असो. सबबी काय, हव्या तेवढ्या.

निघायच्या आधी मात्र मी परत जाऊन तो डबा नीट निरखला. (नवरा म्हणाला, "आता याच्यावरही लिहिणार का?" हो.)

या डब्याचं काम काय? ओल्या हाताला एका वेळी एक कागद देणं. त्यासाठी कागद एकमेकांत अडकवून घडी घातलेले असतात. एक ओढला की पुढच्याचं टोक बाहेर येतं. पण त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. फट पुरेशी रुंद हवी, म्हणजे कागद मधोमध धरून सरळ खाली ओढता येईल. गठ्ठा दाबून ठासलेला नको. आणि कागद हात पुसायचाच हवा, जो ओला झाल्यावरही लगेच फाटत नाही. जेवणाच्या टेबलावरचा मऊ नॅपकिन ओल्या बोटांत विरघळणारच.

या सोनेरी डब्यात कमळाच्या पाकळ्या थेट फटीवर उतरल्या होत्या, त्यामुळे बोटं आत जात नव्हती. साध्या डब्याला कागद किती उरलाय ते दिसायला एक उभी खिडकी असते. इथे तिच्या जागी वेलबुट्टी. म्हणजे भरणाऱ्या बाईंनी अंदाजाने ठासायचं. आत कागद कुठला, तर टेबलावरचाच, स्वस्तातला. वर नक्षीच्या खाचांतून साबणाचा राप बसलेला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जुन्या दातघासणीने घासते ताई, फडकं आत जात नाही."

बघा, म्हणजे नक्षीने काम वाढवलं, ज्याच्यासाठी डबा आहे त्याला अडवलं, आणि बोलणी खाल्ली तिसऱ्याच माणसाने.

घरी येऊन याचा कायदा वाचला. वस्तूच्या दिसण्यावर हक्क सांगता येतो. आपल्याकडे त्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी यांची नोंदणी होते, आधी दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं वाढवून. पारख कशाने करायची? कायदाच सांगतो, केवळ डोळ्यांनी. निव्वळ यांत्रिक करामत यात येत नाही. तिच्यासाठी पेटंट वेगळं, वीस वर्षांचं. अमेरिकेत तर अशा अर्जात मागणी एका वाक्याचीच असते : अमुक वस्तूचं शोभिवंत डिझाइन, चित्रात दाखवल्याप्रमाणे. टिश्यूच्या डब्याचंही असंच.

कायद्यावर माझा राग नाही. एकाचं रूप दुसऱ्याने चोरू नये, एवढंच तो बघतो, आणि रूप डोळ्यांनीच बघायचं असतं. राग आहे तो आपल्यावर. कारण विकत घेणाराही केवळ डोळ्यांनीच पारखतो. हॉलवाला कॅटलॉगमधलं चित्र बघून डबा घेतो आणि आपण फोटो बघून हॉल घेतो. ओला हात कुणीच लावून बघत नाही.

आता कुणी म्हणेल, "मग नक्षी नकोच, साधा पांढरा डबा लावा." अजिबात नाही! मी नक्षीची वैरी नाही. आमच्या शेजारी उल्हासनगरचं फर्निचर मार्केट आहे. तिथल्या पलंगांवर मोर, द्राक्षं, काय वाट्टेल ते कोरलेलं असतं. पण ते डोक्याकडच्या फळीवर, पाठ टेकायच्या जागी नाही. एवढी अक्कल प्रत्येक सुताराला असते.

आणि न्हाणीघरातल्याच वस्तूचा दाखला हवा असेल तर पुण्याला केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घराघरांतून गोळा केलेल्या आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलेल्या वस्तूंत अडकित्ते आहेत, दिवे आहेत, आणि वज्र्याही आहेत. वज्री म्हणजे पाय घासायचं साधन; आजीच्या पिढीला विचारा. खालची बाजू खरखरीत, टाचेची भेग घासायला. तिथे नक्षी नाही, तिथे नुसतं काम. वरच्या बाजूला, मुठीत धरायच्या जागी, मोर किंवा घोडा. मुठीला पकडही मिळते आणि डोळ्यांना मोरही. टाच घासण्यासारख्या क्षुल्लक कामाला कुणीतरी एवढा मान दिला होता! तो मान वस्तूचा नव्हता, वापरणाऱ्या बाईचा होता.

आमच्या सोनेरी डब्याचा मान मात्र फक्त फोटोला. प्लॅस्टिकवर मुलामा, तोही कोपऱ्यातून उडायला लागलेला.

"मग पूर्वीसारखा पंचा ठेवावा का?" असं काका म्हणालेच. नको हो काका. दीडशे पाहुणे आणि एक ओला पंचा, त्यापेक्षा कागद शंभर पटीने बरा. कागदाची सोय चांगलीच आहे. म्हणून तर ती धड हवी.

तर मंडळी, आणि विशेषतः ज्यांच्याकडे या वर्षी कार्य आहे ते माझे नातेवाईक : हॉल बघायला जाल तेव्हा स्टेज, झुंबर, एसी सगळं बघा. पण आगाऊ रक्कम देण्याआधी बेसिनपाशी जा, हात ओले करा आणि एक कागद ओढून बघा. फाटला तर मॅनेजरला तिथेच सांगा, की चूक डब्याची आहे, भरणाऱ्या बाईंची नाही.

मला ते तेव्हा सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात लग्नही त्याच हॉलमध्ये आहे. तेव्हा सांगणार आहे, फोटो चुकला तरी चालेल.

ता. क. : काकूच्या पैठणीवरचा डाग निघाला. मठ्ठ्याचा होता.