टीव्ही किती वेळाने बंद पडतो?

चालू असलेला टीव्ही मध्येच आपोआप बंद होणे ही तक्रार वरकरणी एकच दिसत असली, तरी तिच्यामागे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली अनेक कारणे असू शकतात, आणि त्यांपैकी नेमके कोणते हे ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मेकॅनिकच्या मीटरपेक्षा घरातल्या माणसांच्या निरीक्षणात असतो. टीव्ही चालू केल्यावर दोन सेकंदांत बंद पडतो, तापल्यावर अर्ध्या तासाने पडतो, की दर वेळी ठरल्या वेळी, एवढी एक गोष्ट नीट सांगितली तरी निम्मे निदान होते. परंतु तक्रार नोंदवताना विचारले जाते ते मॉडेल क्रमांक आणि खरेदीची तारीख, आणि घरी येणारा तंत्रज्ञही पुष्कळदा मागचे झाकण उघडण्याआधीच ‘बोर्ड गेलाय’ असा निकाल देऊन मोकळा होतो.

ठरावीक वेळाने बंद होणारा संच बहुधा बिघडलेला नसतोच. चार तास कोणी रिमोटला हात लावला नाही तर टीव्हीने स्वतःहून स्टँडबायमध्ये, म्हणजे रिमोटचा इशारा ओळखण्यापुरतीच वीज घेणाऱ्या अवस्थेत, जावे अशी तरतूद युरोपीय महासंघाने 2009 च्या नियमांत केली आणि तशीच सोय इथे विकल्या जाणाऱ्या अनेक संचांच्या मेन्यूतही असते. दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात हा ‘बिघाड’ रोज त्याच सुमारास होतो. याच जातीचे दुसरे कारण म्हणजे सीईसी, अर्थात एचडीएमआय केबलने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंदचे हुकूम देण्याची व्यवस्था. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक झोपली की ती टीव्हीलाही झोपवू शकते. ही व्यवस्था एकच असली तरी सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक, त्यामुळे तिचे मूळ नाव ऐकून मेन्यूत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रिमोटचे बटण चिकटले असल्यास तोही सतत बंदचाच संदेश पाठवत राहतो, आणि त्यातले सेल काढून तासभर टीव्ही पाहिला की या शंकेचा निकाल लागतो. सैल सॉकेट, गर्दी झालेला मल्टीप्लग आणि टीव्हीच्या बाजूलाच मोकळी झालेली केबल यांची तपासणी तर कोणालाही सांगावी लागू नये, पण ती वगळूनच दुरुस्ती सुरू होते हेही खरे.

खरा बिघाड बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये निघतो. घरातला 230 व्होल्टचा पर्यायी प्रवाह येथे प्रथम सव्वातीनशे व्होल्टच्या किंवा त्याहून अधिक दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलतो आणि मग वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग परिपथातून जाऊन बाकीच्या बोर्डांना लागणाऱ्या लहान दाबांत उतरतो. या उतरलेल्या प्रवाहातील चढउतार शमवण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे आत द्रवयुक्त कागद गुंडाळलेली छोटी नळकांडी, करतात. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, नळकांडे सपाट माथ्याऐवजी फुगीर दिसू लागते, दाब डळमळतो आणि टीव्ही बंद पडतो. येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. 105 अंश सेल्सिअसला 2000 तास टिकेल अशी हमी असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश घटीमागे साधारण दुप्पट होते असे अभियंते धरतात. म्हणजे तो 85 अंशांवर राबवला तर 8000 तास चालेल आणि 65 अंशांवर राबवला तर 32,000 तास. रोज सहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात या दोहोंतला फरक साडेतीन वर्षे आणि साडेचौदा वर्षे असा पडतो. भिंतीतल्या बंदिस्त कोनाड्यात, मागे बोटभरही जागा न सोडता बसवलेला संच लवकर दमतो तो याच कारणाने, त्यामुळे अंतर्गत सजावटीच्या हौसेचे बिल पुढे मेकॅनिककडे भरावे लागते. किनारपट्टीवरच्या दमट हवेत बोर्डावरचे जोड गंजतात, आणि उबेला म्हणून जाळीतून आत शिरलेली एखादी पाल दोन तारांमध्ये स्वतःला जाळून घेते, ही निराळी कारणे. मात्र मागचे झाकण घरच्या घरी उघडण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही काळ साठून राहू शकतो.

चालू होताच दोन-चार सेकंदांत बंद पडणाऱ्या संचात संशय बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या एलईडी पट्ट्यांवर, घ्यावा. या पट्ट्यांतले दिवे एकामागे एक जोडलेले असल्याने एक जळून तुटला तरी सगळी ओळ विझते, तिला प्रवाह पुरवणाऱ्या परिपथाला दाबातली अनपेक्षित वाढ जाणवते आणि पुढचे नुकसान टाळण्यासाठी तो काम थांबवतो. काही संच अशा वेळी पुरते बंद न होता आवाज चालू ठेवतात. तेव्हा खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारला असता अंधुक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत असून केवळ प्रकाश गेला आहे असे समजावे. दुकानात भडक दिसावे म्हणून शिगेला नेलेली बॅकलाइटची पातळी घरी तशीच ठेवली जाते, आणि या पट्ट्या अकाली जळण्याचे ते एक मोठे कारण आहे. मेन्यूत ती थोडी खाली आणण्याला खर्च शून्य येतो.

या दोन्ही प्रकारांत टीव्ही स्वतःच धोका ओळखून थांबलेला असतो, आणि का थांबला हे तो सांगतही असतो. अनेक कंपन्यांच्या संचांत स्टँडबायचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. ही संख्या म्हणजे बिघाडाचा संकेतांक असतो. कोणत्या संख्येचा अर्थ पॉवर सप्लाय, कोणत्या संख्येचा अर्थ बॅकलाइट, याचा तक्ता जेमतेम अर्ध्या पानात मावतो, परंतु तो असतो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. ग्राहकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत भिंतीवर टांगण्याच्या स्क्रूचे माप सापडते, हा तक्ता क्वचितच. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने स्वतःच्या दुखण्याची दिलेली खबर मालकानेच वाचू नये, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी काही हजारांचा अख्खा बोर्ड बदलला जातो, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सुटा भाग सहज मिळत असला तरी नेमका कोणता भाग आणायचा हे कळण्याची वाट कंपनीने अडवलेली असते. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचावी हाच त्याचा उद्देश असेल, तर या अर्ध्या पानाची सक्ती हे पहिले पाऊल असायला हवे होते.

तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे की टीव्ही बंद पडल्यावर लगेच प्लग न काढता दिव्याचे लुकलुकणे मोजावे, मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे आणि बोर्ड बदलायला होकार देण्याआधी ते तंत्रज्ञाला दाखवून त्याचा अर्थ विचारावा. बोर्ड बदललाच, तर जुना परत मागावा, आणि तो जमा करण्याची अट असल्यास त्यापोटी किती रक्कम वजा झाली हे बिलावर लिहून घ्यावे.