कोठार जळेपर्यंतची अहिंसा

अहिंसेची ग्वाही सर्वांत मोठ्याने कोण देतो आणि ती सर्वांत आधी कोण सोडतो, हे पाहावयाचे असेल तर विल्यम वायलर यांचा ‘फ्रेंडली पर्स्वेजन’ हा अमेरिकन चित्रपट आपण अवश्य पाहावा. जेसमिन वेस्ट यांच्या १९४५ च्या पुस्तकावरून तो १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, निघाला.

काळ गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धाचा. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेचा सेनानी मॉर्गन ओहायो नदी ओलांडून इंडियाना राज्यात घुसला, तो हा प्रसंग. बर्डवेल हे तेथील क्वेकर कुटुंब. शस्त्र धरणे हे पाप, अशी या ख्रिस्ती पंथाची शिकवण. पंथातील पर्डी नावाचे वडीलधारे गृहस्थ हिंसेचा धिक्कार इतरांहून उच्चरवाने करतात. पुढे हल्लेखोर त्यांचे कोठार जाळतात, आणि हेच गृहस्थ बर्डवेलांच्या दारी येऊन, तुम्ही अजून लढावयास का निघत नाही, असे दरडावतात! सुमारे ४० लाख माणसे गुरांप्रमाणे विकली जात होती तोवर जी अहिंसा तसूभर ढळली नाही, ती एका कोठाराने ढळली. असे पर्डी सर्व देशांत असतात.

थोरला मुलगा जोश याचे तसे नाही. वेळ आली तर आपण काय करू हे आपणांस ठाऊक नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. शेजारी मरावयास निघाले असता स्वतः घरी बसणे त्याला सोसत नाही. तो जातो, गोळी झाडतो आणि रडतो. बाप जेस त्याच्या शोधात बंदूक घेऊन निघतो. परंतु स्वतःवर गोळी झाडणारा शत्रू हाती सापडूनही त्याला सोडून देतो. दोघांत खरा अहिंसक कोणता? बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. या कसोटीस बाप आणि मुलगा दोघेही उतरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्डी मात्र कोठार जळण्यापूर्वीही उतरत नाहीत आणि नंतरही नाहीत.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. बर्डवेलांच्या शेतावर एनॉक हा पळून आलेला गुलाम राबतो. त्याची मुले अजून दक्षिणेत मालकाच्या ताब्यात आहेत. तोही लढावयास जातो. जोशच्या मनाची घालमेल चित्रपट घोळवून घोळवून दाखवितो. ज्याच्या मुलांच्या मुक्तीचा हा प्रश्न, तो कडेला उभा! क्वेकरांनी पळालेल्या गुलामांना आसरा दिला, फिलाडेल्फियाच्या त्यांच्या सभेने १७७६ साली सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तरीही अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी बंद केली ती डिसेंबर १८६५ मध्ये, युद्ध जिंकल्यानंतर. एनॉकने स्वस्थ बसावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याची मुले सोडविण्याचा दुसरा मार्ग आधी सांगावा.