रान राखणाऱ्याचा वाटा

१ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतील, प्रभातफेऱ्या निघतील आणि फलकावर वाघ हमखास असेल. या धामधुमीत एका माणसाला सहसा कोणी बोलावत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर जंगल उभे आहे, तो हा माणूस. कोकणात तर त्याला वगळून वन्यजीवांविषयी बोलताच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडे. डोंगरउतारावरचे बहुतेक रान खाजगी आहे. त्यातही पुष्कळदा ते सामाईक, भाऊबंदांची नावे सातबाऱ्यावर ओळीने लागलेली आणि निम्मे वाटेकरी मुंबईला.

पाऊस ओसरला की या रानांचे सौदे सुरू होतात. व्यापारी येतो, उतारावर एक नजर फिरवतो आणि उभ्या झाडांचा उक्ता भाव सांगतो. ऐन, किंजळ, बेहडा, सगळे एकाच हिशेबात. त्यातले बरेचसे लाकूड जळणालाच जाते. मुंबईकर फोनवर होकार कळवतात. रकमेचे वाटे पडले की माणशी हाती येते ते पुढच्या सणापर्यंतही पुरत नाही.

त्याच हिशेबात एखादा जुना बेहडा असतो आणि त्याच्या खोडात धनेशाची ढोली असते. धनेशाला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही. आपसूक झालेली ऐसपैस पोकळी त्याला लागते आणि ती जुन्या, जाडजूड खोडातच सापडते. विणीच्या हंगामात मादी आत शिरते, विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचे पोट नरावर. तो उंबर-वडाची फळे गळ्यात साठवून आणतो, एकेक वर काढतो आणि फटीतून तिच्या चोचीत देतो. बिया बुंध्याशी पडतात, तिथेच रुजतात. म्हणून ढोली शोधणारे जाणकार आधी जमिनीकडे पाहतात, मग वर. धनेशाची जोडी बहुधा वर्षानुवर्षे त्याच ढोलीकडे येते. तो बेहडा तुटला तर त्याच्या बदल्यात शंभर रोपे लावूनही पुढल्या हंगामाची सोय होत नाही.

पण म्हणून मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने बरीच खाजगी वने सरकारजमा झाली. झाडे वाढू दिली तर जमीन जाते, असा धडा अनेकांनी त्यातून घेतला. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने वेगळी वाट काढली. मालक वा गाव स्वखुशीने पुढे आले तर त्यांची जमीन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर होऊ शकते. मात्र त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव हवा आणि राज्य सरकारची मंजुरीही हवी. एवढे हात बांधून घ्यायचे, तर मालकाच्या पदरात काय पडणार? मुलीच्या लग्नाला पैसे हवे असतात तेव्हा व्यापारी रोख घेऊन दारात उभा असतो. निसर्गप्रेमी येतात ते आवाहन घेऊन.

हे चित्र बदलता येते. संगमेश्वर तालुक्यात एईआरएफ या संस्थेने रानमालकांशी करार केले: ठरलेल्या मुदतीत तोड करायची नाही आणि त्याबद्दल मालकाला मोबदला. त्रिफळ्यात पडणाऱ्या बेहड्याच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र मिळवून दिले, म्हणजे उभ्या झाडाचेही पैसे होऊ लागले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने कासवांची घरटी राखली. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात, गावात घरोघरी उतरतात आणि त्यांच्या जेवणखाणाचे पैसे गावातच राहतात. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची तरतूद केली आणि इंधनावरच्या करातून त्यासाठी पैसा उभा केला. जंगलामुळे झऱ्याला पाणी टिकते, दरड थोपते आणि त्याचा लाभ खालच्या गावांना होतो. मग राखणीचा भार एकट्या मालकाने का सोसावा? राज्य सरकारने निदान कोकणापुरता असा मोबदला सुरू करून पाहावा.

तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत ढोलीची झाडे जागेसह लिहिली जावीत. ही वही पुष्कळ ठिकाणी एकदा भरून कपाटात गेली आहे, ती बाहेर निघावी. शहरातून येणाऱ्या छायाचित्रकारांनी ढोलीपासून लांब राहावे, कारण माणसांची गर्दी पाहून नर चारा घेऊन फिरकत नाही. आणि ज्या चाकरमान्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्यांनी फोनवर होकार देण्याआधी एकदा गावी जाऊन, गावातल्या जाणत्यांना सोबत घेऊन आपले रान फिरून पाहावे. सौदा करावाच लागला तर ढोलीची झाडे, वड, उंबर आणि पऱ्ह्याकाठची झाडे त्यातून वगळावीत, तशी अट कागदावर लिहून घ्यावी. ही अट घालायला सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. तो अधिकार मालकाकडे आजही आहे.